करील, करू शकेल

नगरपालिकेच्या कायद्यात कामांच्या दोन याद्या आहेत.
पहिलीत दिवे, गटारी, मोकाट कुत्री,
लसटोचणी, बेवारस प्रेतं.
तिथलं क्रियापद : करील.
दुसरीत बागा, धर्मशाळा,
आणि स्वल्पविरामांच्या गर्दीत अंग चोरून उभी
ग्रंथालयं, वस्तुसंग्रहालयं.
तिथलं क्रियापद : करू शकेल.

म्हणजे नाही केलं तरी चालेल.
आणि यावलला, बावीस वर्षं मी बघतोय,
चालतंय.

मी सभा लिपिक. इतिवृत्त लिहितो.
बोलणाऱ्याच्या तोंडातलं पान, टेबलावरची बुक्की,
मध्येच आलेला व्याह्याचा फोन गाळून
जे उरतं त्याला ठराव म्हणतात.
विषय क्रमांक अकरा : कासम तडवी यांचा अर्ज. दरवर्षी.
अकरा येईस्तोवर चहा येतो.
चहा आला की कोणीतरी म्हणतं,
"पुस्तकं वाचून केळीला भाव येतो का भो?"
हशा मी लिहीत नाही.
मी लिहितो : सर्वानुमते,
पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा.

जकात गेली, नाका राहिला.
त्या नाक्यात तडवींनी मांडलंय सगळं.
केळीच्या क्रेटांत उभी दोन हजार सातशे चाळीस पुस्तकं,
वाळवीने खाल्लेली वेगळी मोजलेली.
नांगराला लागलेला एक वीरगळ,
ज्याच्यावर आधीच्या मालकाने विळे पाजले,
म्हणून वीराला आता तोंड नाही.
जकातीचा तराजू, एकाच पारड्याचा.
ड वर्गाचं अनुदान येतं,
आलं तर.
त्यातून तडवींचा पगार निघतो,
निघाला तर.

एकदा त्यांनी नाक्याची जुनी वही उघडून दाखवली.
गूळ, भेल्या चाळीस. घासलेट, डबे सहा.
काचेच्या बांगड्या. कोंबड्या, जिवंत, बारा.
आणि खाली, फिकट शाईत :
पुस्तके, पेटी एक. जकात माफ.
नाकेदाराची सही लागत नाही.
"कोणाच्या घरी गेली असंल ही पेटी?" तडवी म्हणाले.
"नोंद हाये, पेटी नाही."
मग वही मिटून तिच्यावर फडकं टाकलं,
झोपलेल्या पोरावर टाकतात तसं.

त्या महिन्यात ठराव लिहिताना पेन अडलं.
उकाराची वेलांटी करायची,
मधली दोन अक्षरं गाळायची,
करू शकेल-चं करील होतं.
इतकं जवळ होतं ते.
नाही केलं.
पेन्शनला चार वर्षं आहेत, आणि कायदा माझ्या अक्षरात नाही.

पण पहिली यादी पुन्हा वाचली.
पहिलाच शब्द.
विषय क्रमांक दोन : जुन्या जकात नाक्यासमोर
अंधार असल्याने विजेचा एक खांब उभारणे.
चहा यायच्या आत मंजूर.

आता दिवेलागणीला बन्सी सपकाळे बटण दाबून जातो
आणि तडवी एकेक क्रेट ओढत पायरीवर आणतात.
फेगड्यांची वैजयंता येते,
वीटभट्टीवरची दोन पावरा पोरं येतात,
एक रिटायर कंपाउंडर, जो फक्त नकाशे बघतो.
उजेडाच्या गोलात बसतात सगळे.
ज्याची मांडी गोलाबाहेर जाते तो सरकतो.
वीरगळही तडवींनी दारात आणलाय.
त्याच्या छातीपर्यंत अंधार,
वर, जिथे तोंड होतं, तिथे लख्ख.

ग्रंथालय ऐच्छिक. खांब बंधनकारक.

काल पाखरं फार होती.
वैजयंताने पानावरचं एक फुंकरीने उडवलं,
बोट ओळीवर तसंच ठेवून विचारलं,
"काका, हा किती वाजता बंद करतात?"

"उजाडेपर्यंत नाही," मी म्हटलं.
"करताच येत नाही."